‘मोजणे’चे दोन अर्थ: इरावती कर्वे यांच्या लेखनातील विज्ञान आणि मूल्ये

विज्ञान आणि मानवी मूल्ये यांच्याबद्दल बोलताना आपल्याकडे कामाची एक ठरावीक वाटणी केली जाते. जग कसे आहे ते विज्ञानाने सांगायचे आणि माणसाने कसे वागावे ते साहित्याने, धर्माने किंवा तत्त्वज्ञानाने सांगायचे. परिसंवादांत ही वाटणी सोयीची पडते. वैज्ञानिक येतो, आकडे देतो. लेखक येतो, हळहळतो. दोघांनाही टाळ्या मिळतात आणि दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकावे लागत नाही.

ही वाटणी मोडून काढणारे लेखन मराठीत आहे आणि ते एकाच बाईने केले आहे. इरावती कर्वे (१९०५–१९७०) महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांना मुख्यतः ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून माहीत आहेत. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्या भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरील ग्रंथामुळे माहीत असतात. मानवशास्त्राच्या इतिहासात त्यांचे नाव बर्लिनमधल्या कवट्यांच्या अभ्यासासंदर्भात येते. एकाच लेखिकेची ही तीन कपाटे झाली आहेत. ती एकत्र ठेवून वाचली, तर विज्ञान आणि मूल्ये यांच्या नात्याबद्दल त्यांचे लेखन काही वेगळे सांगते, असे मला वाटते.

सुरुवात एका मराठी क्रियापदापासून करतो. भाषांतराचे काम करताना ‘मोजणे’ हा शब्द वारंवार अडवतो. आपण लांबी मोजतो, माणसे मोजतो आणि दुकानदाराला पैसेही मोजून देतो. ‘त्याची किंमत त्याला मोजावी लागली’ असेही म्हणतो. हिंदीत जाताना या एका शब्दाचे ‘नापना’, ‘गिनना’ आणि ‘चुकाना’ असे तुकडे पडतात. बंगालीतही माप घेणे आणि दाम देणे यांची वाट वेगळी आहे. मराठीत मात्र माप घेणारा आणि किंमत चुकती करणारा या दोघांचे क्रियापद एकच आहे. विज्ञानाच्या नीतीचा प्रश्न या शब्दात जवळजवळ पूर्ण मावतो: मोजतो कोण आणि मोजावे कुणाला लागते?

यातल्या पहिल्या अर्थाची नीती सर्वांत स्पष्टपणे मांडली ती जेकब ब्रोनोव्स्कीने. पोलंडमध्ये जन्मलेला हा गणिती इंग्रज कवी विल्यम ब्लेकचाही अभ्यासक होता. दुसऱ्या महायुद्धात त्याने बाँबहल्ल्यांच्या परिणामांचे गणित मांडले होते आणि १९४५ च्या नोव्हेंबरात तो नागासाकीची राखरांगोळी पाहून आला होता. १९५३ साली अमेरिकेत दिलेल्या आणि १९५६ साली पुस्तकरूपाने आलेल्या व्याख्यानांत त्याने एक धीट विधान केले. विज्ञान मूल्यांबाबत उदासीन असते, हा समज चुकीचा आहे. खरे काय ते शोधायचे असे ज्या समाजाने ठरवले, त्याला मतभेद सहन करावेच लागतात, विचारस्वातंत्र्य जपावे लागते, दुसऱ्याच्या कामाचा मान राखावा लागतो. या गोष्टी बाहेरून उपदेश म्हणून येत नाहीत. त्यांच्याशिवाय विज्ञानाचे काम चालतच नाही.

हा युक्तिवाद मला आजही मोलाचा वाटतो, पण त्यात एक फट आहे. मतभेदाचा हक्क, सहिष्णुता आणि परस्परांचा आदर ही मूल्ये संशोधक एकमेकांशी कसे वागतात याची आहेत. ज्याच्यावर संशोधन होते किंवा ज्याच्या रानावर संशोधनाचे फळ येऊन पडते, तो माणूस या मंडळीत बसलेला नसतो. मतभेद नोंदवायला त्याच्याकडे नियतकालिक नसते.

ही फट रवींद्रनाथांनी ब्रोनोव्स्कीच्या तीस वर्षे आधी पाहिली होती. त्यांचे ‘मुक्तधारा’ हे नाटक १९२२ चे. डोंगराळ उत्तरकूट राज्याचा यंत्रराज बिभूती बरीच वर्षे खपून मुक्तधारा झऱ्यावर लोखंडी यंत्राचा बांध घालतो. खालच्या अंगाच्या शिवतराईचे पाणी तोडले की तिथली प्रजा आपोआप वठणीवर येईल, असा राजाचा हिशोब असतो. पडदा उघडतो तेव्हा आभाळात दोन टोके दिसतात: एकीकडे यंत्राचे डोके, दुसरीकडे भैरवाच्या देवळाचा त्रिशूळ.

बिभूती हा काही खलपुरुष नाही. चिकाटी, एकाग्रता, निसर्गापुढे न झुकणारी बुद्धी असे ब्रोनोव्स्कीने वाखाणावेत ते गुण त्याच्यात आहेत. वाळू, दगड आणि पाणी यांच्यावर बुद्धीने मात करून दाखवणे हे त्याचे ध्येय. या पाण्यावाचून कुठल्या शेतकऱ्याचे मक्याचे शेत वाळेल, याचा विचार करायला त्याला सवड नव्हती, असे तो सरळ सांगतो. त्याच्या बोलण्यात क्रौर्य नसून नुसती वेळेची अडचण आहे आणि नाटकातली सर्वांत भीतिदायक जागा मला हीच वाटते. मजूर मिळेनात तेव्हा राजाज्ञेने घराघरांतून तरुण पोरे उचलली गेली. त्यांतली कित्येक परतली नाहीत. अंबा नावाची बाई आपल्या सुमनला हाका मारत रस्त्याने फिरते आहे आणि उत्तरकूटचे नागरिक यंत्राच्या विजयाचा उत्सव करत आहेत. मोजणारा बिभूती, मोजते आहे ती अंबा.

रवींद्रनाथ हे नाटक लिहीत होते त्याच सुमारास इकडे मुळशी पेट्यात धरणाविरुद्ध सत्याग्रह चालू होता. सेनापती बापट त्याचे पुढारी. नाटकाचा आणि सत्याग्रहाचा थेट संबंध होता असा दावा मी करत नाही. पण प्रश्न कवीच्या कल्पनेतला नव्हता, त्या दशकाच्या हवेतला होता, एवढे यावरून कळते.

‘मुक्तधारा’तला आणखी एक छोटा प्रवेश इथे महत्त्वाचा आहे. एक मास्तर पोरांची रांग घेऊन रस्त्यात उभा राहतो आणि राजासमोर धडे म्हणवून घेतो. उत्तरकूटच्या लोकांची नाके उंच, म्हणून त्यांची जात थोर आणि जग जिंकणे हे त्यांचे काम, असे ते धडे. प्रेक्षक हसतात. पण हा विनोद रवींद्रनाथांना आभाळातून सुचला नव्हता. हर्बर्ट रिस्ली या अधिकाऱ्याने बंगालमध्येच नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड लावली होती. नाक जितके रुंद तितका सामाजिक दर्जा खालचा, असे त्याचे सूत्र. पुढे १९०१ च्या जनगणनेचा तोच आयुक्त होता. कॅलिपर, तक्ते, सरासऱ्या असा विज्ञानाचा सगळा सरंजाम होता. निष्कर्ष मात्र मोजायला बसण्याआधीच ठरलेला होता.

इरावतीबाईंची गोष्ट इथून सुरू होते. मुंबई विद्यापीठात त्या गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या विद्यार्थिनी. याच घुर्यांनी १९३२ च्या ग्रंथात रिस्लीचे सूत्र भारताच्या बहुतेक भागांत लागू पडत नाही, असे दाखवले. तोवर इरावतीबाई बर्लिनला जाऊन परत आल्या होत्या. १९२७ साली तिथे मानवशास्त्र, आनुवंशिकी आणि सुप्रजनन यांची मोठी संस्था निघाली होती. तिचा संचालक ऑयगेन फिशर हा इरावतीबाईंचा मार्गदर्शक. जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतीत त्याने मिश्र संततीचा अभ्यास करून वंशश्रेष्ठत्वाचे सिद्धांत मांडले होते. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर तो बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला.

फिशरने दिलेला विषय होता मानवी कवटीची असमानता, म्हणजे डावी आणि उजवी बाजू यांतला फरक. गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा पुढचा भाग एका बाजूला अधिक वाढलेला असतो, म्हणून त्याची कवटी अधिक असमान असणार आणि ती वाढीव बुद्धीची खूण ठरणार, असे त्याचे गृहीतक. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंशाचा आणि असमानतेचा संबंध दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला आणि तो त्यांनी तसाच लिहिला.

या प्रसंगाकडे आपण दोन प्रकारे पाहू शकतो. एक म्हणजे वसाहतीतून आलेल्या तरुण स्त्रीने बड्या जर्मन प्राध्यापकाला दिलेला झणझणीत जबाब. असे वाचायला बरे वाटते. पण त्यांच्या प्रबंधात बंडाची भाषा नाही, मोजमापे आहेत. दुसऱ्या वाचनात ब्रोनोव्स्की शंभर टक्के खरा ठरतो: इथे मूल्य मोजण्याच्या कृतीतच आहे. आकडा जे सांगतो ते लिहायचे, मार्गदर्शकाला हवे ते लिहायचे नाही, एवढा एकच नियम पाळून एक विद्यार्थिनी तिच्या काळातल्या सर्वांत घातक कल्पनेच्या आड उभी राहिली. वंशवादाला मानवतेच्या आवाहनाने उत्तर देणारे त्या काळी पुष्कळ होते. वंशवादाच्याच हत्याराने, त्याच्याच टेबलावर बसून उत्तर देणारे थोडे.

आणि तरीही ती फट उरतेच. बर्लिनच्या संग्रहांत वसाहतींतून, विशेषतः पूर्व आफ्रिकेतून, आणलेल्या कवट्या होत्या. त्या तिथे कशा आल्या, त्या माणसांच्या घरच्यांना कुणी विचारले होते का, हा प्रश्न तेव्हाच्या विज्ञानाला पडत नव्हता. प्रामाणिक मोजणीतूनही त्याचे उत्तर मिळत नाही. पुढचा मुद्दा अधिक अवघड आहे. भारतात परतल्यावर इरावतीबाईंनी मापनयंत्र खाली ठेवले नाही. डेक्कन कॉलेजात असताना अनेक वर्षे त्या महाराष्ट्रातल्या जातिजमातींची शारीरिक मापे घेत राहिल्या. वंशांची उतरंड त्यांनी नाकारली, पण माणसांचे गट देहाच्या मापांतून हाती लागतील ही आशा सोडली नाही. त्यांच्या चाहत्यांनी हे झाकू नये. एका खोट्या निष्कर्षाला नकार दिला, म्हणजे ज्या प्रश्नातून तो निघाला त्या प्रश्नापासून सुटका होते, असे नाही.

सुटकेची वाट त्यांना मराठी ललित लेखनात सापडत गेली, असे माझे वाचन आहे. त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख पाहा. आळंदी ते पंढरपूर वारीत त्या दिंडीबरोबर चालल्या. सुरुवातीची नजर अभ्यासकाची आहे: कोण कुठल्या गावचे, कोण कुठल्या जातीचे, बोली कोणती. मग त्यांच्या लक्षात येते की अभंग सगळ्यांचे एक, पण जेवणाच्या पंगती वेगळ्या. त्या मराठा बायकांबरोबर जेवतात आणि बायकांचा सूर बदलतो. त्या हात धरून चालू लागतात, घरची दुःखे सांगतात, बाईंना ‘ताई’ म्हणतात. जी माहिती कुठल्याही प्रश्नावलीने मिळाली नसती, ती एका पंगतीला बसल्याने मिळाली. ‘ताई’ हा शब्द इंग्रजीत नेताना त्याची ‘थोरली बहीण’ होते आणि निम्मा अर्थ वाटेत सांडतो. ताई म्हणणारी बाई नाते सांगते, तसाच हक्कही सांगते. इथे मोजणाऱ्यालाही मोजले गेले आहे.

‘युगान्त’ १९६७ साली आले. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्याच्या भांडारकर संस्थेतले महाभारताच्या संशोधित आवृत्तीचे काम जवळपास अर्ध्या शतकानंतर पूर्ण झाले होते. या योगायोगाकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. हस्तलिखिते जमवायची, ताडून पाहायची, मागाहून घुसलेले श्लोक बाजूला करायचे, हे काम कवट्या मोजण्याइतकेच चिकाटीचे आणि निर्मम आहे. ‘आंधळ्याचा पुत्र आंधळा’ हा द्रौपदीचा टोमणा भारतभर सर्वांना पाठ आहे. संशोधित आवृत्तीत तो नाही. एका बाईच्या जिभेमुळे युद्ध झाले, ही लोकप्रिय नीतिकथा पाठभेदांच्या तळटिपांत विरघळून जाते. पुराव्याची शिस्त इथे थेट न्यायाचे काम करते.

इरावतीबाईंची मराठी या शिस्तीतून घडलेली आहे. ग्रंथ काय सांगतो ते एका वाक्यात, त्यावरून मला काय वाटते ते दुसऱ्या वाक्यात, आणि दोन्हींची सरमिसळ नाही. विदुर हा युधिष्ठिराचा खरा पिता असावा, ही कल्पना त्या मांडतात, तिच्या बाजूचे दुवे देतात, मग तिच्यावरचे आक्षेपही स्वतःच मांडतात आणि पुराव्याअभावी प्रश्न खुला सोडतात. ‘असावे’ आणि ‘आहे’ यांतले अंतर राखणे हा भाषांतरकाराच्या दृष्टीने व्याकरणाचा बारकावा आहे. इरावतीबाईंच्या गद्यात ते चारित्र्य होते. भाषांतरात ‘असावे’चे ‘आहे’ झाले, तर वाक्य ठसठशीत होते आणि लेखिका हरवते.

‘मयसभा’ हे प्रकरण मी या निबंधाच्या केंद्रस्थानी ठेवीन. कृष्ण आणि अर्जुन खांडववन जाळतात. आगीतून पळणारा प्रत्येक जीव परत आगीत लोटला जातो. वाचलेल्या मोजक्या जिवांत मय हा असुर असतो. तो कसबी आहे. प्राणदानाच्या बदल्यात तो पांडवांना अद्भुत सभा बांधून देतो. परंपरेने हा पराक्रमाचा प्रसंग म्हणून वाचला. इरावतीबाई तो जमीन मोकळी करण्याची कारवाई म्हणून वाचतात. नव्या राज्याला भूमी हवी होती आणि त्या भूमीवर आधीच कुणीतरी राहत होते. राखेवर उभी राहिलेली ती सभा, तिथले पाण्यासारखे दिसणारे स्फटिक, तिथला हशा, त्यातून पेटलेला मत्सर आणि शेवटी द्यूत हा सगळा प्रवास मग नवा दिसू लागतो. बिभूती आणि मय यांना शेजारी ठेवून पाहावे. दोघेही आपापल्या कामात अजोड आहेत, आणि ज्या जागेवर ते काम उभे आहे त्या जागेबद्दल दोघांनाही कुणी काही विचारत नाही.

‘युगान्त’ची इंग्रजी आवृत्ती १९६९ साली आली. त्याच वर्षी डेक्कन कॉलेजने आणखी एक पुस्तक काढले: कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांचे सर्वेक्षण. लेखिका इरावती कर्वे आणि त्यांची कन्या जाई निंबकर. खांडववनाबद्दल लिहिणारा हात आणि कोयनेच्या खोऱ्यातली घरे नोंदवणारा हात एकच होता, तोही जवळपास एकाच काळात. स्वतंत्र महाराष्ट्राच्या वीजनिर्मितीचा अभिमान म्हणून कोयनेकडे पाहिले जात होते, आणि तो अभिमान खोटा नव्हता. १९६७ च्या डिसेंबरात त्याच परिसरात मोठा भूकंप झाला आणि धरणाच्या जलाशयाचा भूकंपाशी काय संबंध, हा प्रश्न जगभरच्या शास्त्रज्ञांपुढे आला. पण सर्वेक्षणाचा विषय पाण्याची पातळी किंवा भिंतीची उंची हा नाही. ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांचे काय झाले, हा आहे. इथे बाई पुन्हा मोजायला बसल्या आहेत, पण मोजण्याची वस्तू बदलली आहे. बर्लिनमध्ये त्यांनी मोजल्या त्या कवट्या. कोयनेत त्यांनी मोजली ती माणसांनी मोजलेली किंमत. क्रियापदाचे दोन अर्थ एका पानावर आले.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे विज्ञानाला वेसण घालायला शेवटी करुणाच लागते, आणि आपण पुन्हा त्या जुन्या वाटणीवर आलो. तसे नाही, आणि याचा दाखला पुन्हा रवींद्रनाथच देतात. १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथांना अस्पृश्यतेची तितकीच चीड होती. तरीही त्यांनी जाहीर आक्षेप घेतला. भौतिक घटनेची कारणे भौतिकच असतात, आणि चांगल्या हेतूसाठी का होईना, अविवेकाला बळ देऊ नये, असे त्यांचे म्हणणे. गांधीजींनी तो आक्षेप ‘हरिजन’मध्ये छापला आणि आपले उत्तरही दिले. त्या दोघांच्या मैत्रीला साजेसेच हे होते. पण मुद्दा रवींद्रनाथांचा खरा होता. मूल्य योग्य असले, तरी चुकीच्या कारणावर उभे केले की ते उद्या कुणाच्याही हाती जाते. आज भूकंप अस्पृश्यतेमुळे झाला, उद्या तो आणखी कशामुळे तरी झाला असे कुणीही म्हणू शकेल. ‘मुक्तधारा’ लिहिणाऱ्या कवीनेच उतारवयात बंगाली वाचकांसाठी ‘विश्वपरिचय’ हे विज्ञानाचे पुस्तक लिहिले आणि ते सत्येंद्रनाथ बोस यांना अर्पण केले. यंत्राविरुद्धचा कवी अशी त्यांची ओळख करून देणाऱ्यांनी हे पुस्तक विसरू नये. नाटकात बांध फोडणारा युवराज अभिजितही मंत्र म्हणून तो फोडत नाही. बांधातला कच्चा दुवा कुठे आहे, हे त्याला ठाऊक असते.

तेव्हा करुणेने विज्ञानाची जागा घ्यावी असे इरावतीबाईंचे लेखन सांगत नाही. मोजणी खरी हवी, ही अट त्या कधीच सैल करत नाहीत. महाभारतावर प्रेम आहे म्हणून एकही श्लोक त्या पदरचा घालत नाहीत. त्यांनी वाढवली ती मोजणाऱ्याची जबाबदारी. काय मोजायचे, ते कुणी ठरवले, आणि मोजमाप चालू असताना किंमत कोण देत होते, हे प्रश्न त्यांनी मोजणीच्या आत आणले. ब्रोनोव्स्कीच्या मंडळीत त्यांनी अंबेसाठी जागा केली, असे म्हणता येईल. ती जागा पुरेशी होती का, त्यांच्या स्वतःच्या जातिअभ्यासांत ती नेहमी राखली गेली का, यावर वाद व्हायला हवा. असा वाद त्यांच्याच पद्धतीने, त्यांचीच पाने समोर ठेवून घालता येतो.

आपल्या राज्यघटनेत १९७६ साली मूलभूत कर्तव्यांची भर पडली. त्यातल्या एका कलमात विज्ञाननिष्ठ दृष्टी आणि मानवतावाद ही दोन्ही एका दमात सांगितली आहेत, वेगवेगळ्या कलमांत नाहीत. शाळेत आपण ते कलम पाठ करतो, आणि मग विज्ञानाच्या तासाला एक शिकतो, भाषेच्या तासाला दुसरे. महाविद्यालयांतही ‘युगान्त’ साहित्याच्या वर्गात शिकवले जाते आणि कोयनेचे सर्वेक्षण, नेमलेच तर, समाजशास्त्राच्या. एखाद्या वर्गात एकदा तरी दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून शिकवावीत. खांडववनाचे प्रकरण आधी वाचावे आणि मग विस्थापित गावांची पाने उलटावीत. विद्यार्थ्यांना विज्ञान आणि मूल्ये या विषयावर वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही.